वाचा गेली, बुद्धी नव्हे

समजा, पेठ वडगावच्या बाजारपेठेतले एक दुकानदार आहेत. गुळाचा हिशेब आयुष्यभर तोंडी करणारे. एके सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडतो आणि बोलणे अडते. 'गूळ' म्हणायचे असते, तोंडून 'ऊस' निघतो. महिन्याभरात गिऱ्हाइके त्यांना वगळून मुलाशीच बोलू लागतात. घरातले म्हणतात, ''त्यांना आता काही कळत नाही.'' हा समज बहुधा चुकीचा असतो.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा डोक्याला मार लागल्याने भाषा हरवते, त्याला आपण वाचाघात म्हणतो. बहुतेकांमध्ये भाषेचे काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते. शरीराची उजवी बाजूही तोच भाग हलवतो. म्हणून उजवा लकवा आणि वाचाघात अनेकदा जोडीने येतात.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. त्याला बरेचसे समजे, पण तो 'टॅन' एवढेच बोले. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला : रुग्ण भरभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे नीट कळत नाही. भाषा या दोनच ठिकाणी नसून मेंदूभर पसरलेल्या जाळ्यात आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

पहिल्या प्रकारात मराठीचे प्रत्यय गळतात. 'मुलाने दुकानाची चावी आणली' याऐवजी 'मुलगा... दुकान... चावी' असे ऐकू येते. व्याकरण शिकवणाऱ्या आपल्याला यातून प्रत्ययांचे मोल वेगळेच कळते!

गंमत अशी, की असा रुग्ण कधीकधी पाढे म्हणतो, आरतीही गातो. पाठ झालेले आणि सुरातले बोल काही अंशी वेगळ्या वाटेने येतात. सुरावर शब्द बोलवून घेण्याची उपचारपद्धती बोस्टनमध्ये १९७३ साली मांडली गेली, ती याच आधारावर. वाचा-उपचारतज्ज्ञ चित्र दाखवतात, 'गू...' असा पहिला ध्वनी देतात, शब्द पुन्हापुन्हा काढून घेतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढेही ती थांबतेच असे नाही.

आपण काय करावे? तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. नंतर घरी छोटी वाक्ये बोलावीत, 'हो-नाही'चे प्रश्न विचारावेत, ओरडू नये. विद्यार्थ्यांनी चित्रांची वही करून द्यावी.

आणि मुख्य म्हणजे, उत्तरासाठी थांबावे. शब्द उशिरा येतो. माणूस तिथेच असतो.