वेगाची पाटी

रुळावरची वेगमर्यादा आणि रस्त्यावरची वेगमर्यादा यांत एक मोठा फरक आहे. आपल्या रहिमतपूर स्टेशनावरून जाणाऱ्या पुणे-मिरज मार्गाचेच उदाहरण घेऊ. कुठे रुळाचे काम निघाले, की तेवढ्या टप्प्यापुरता गाडीचा वेग कमी केला जातो. चालकाला आधीच 'कॉशन ऑर्डर' मिळते. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत इतकाच वेग. मार्गालगत पिवळ्या पाट्या उभ्या राहतात. टप्पा संपल्याचे सांगणाऱ्या पाट्याही दोन असतात. प्रवासी गाडीसाठी 'टी/पी' आणि लांबलचक मालगाडीसाठी 'टी/जी', कारण शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत वेग वाढवायचा नसतो. काम संपले की पाट्या निघतात. म्हणूनच चालकाचा त्या पाटीवर विश्वास असतो.

रस्त्यावरची पाटी मात्र एकदा रोवली की रोवली. दुपारचे लख्ख ऊन असो की पहाटेचे धुके, आकडा तोच. रिकाम्या रस्त्यावर तो हास्यास्पद वाटतो आणि धुक्यात तोच आकडा जीवघेणा ठरतो. मग लोक पाटी वाचायचेच सोडून देतात. नुसते 'बेशिस्त' म्हणून हा प्रश्न सुटणार नाही, असे मला वाटते.

वास्तविक कायदा इतका ताठर नाही. केंद्र सरकारने २०१८ साली मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० कि.मी. आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० कि.मी. ही कमाल मर्यादा ठरवली. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार राज्य सरकार रस्ता किंवा पूल पाहून ती खाली आणू शकते. शिवाय असे बंधन महिन्याभराहून जास्त ठेवायचे नसेल, तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही गरज नाही!

इंग्लंडमध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर १९९५ पासून बदलती वेगमर्यादा आहे. रस्त्यावरच्या कमानीत दिव्यांचा आकडा असतो आणि गर्दी वाढली की तो उतरतो. गर्दीत पुढच्याने थोडा ब्रेक दाबला तर मागचा जास्त दाबतो, आणि मैलभर मागे वाहने ठप्प होतात. सगळेच जरा सावकाश गेले तर ही लाट उठत नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यातल्या धुक्यासाठी मर्यादा कमी केली जाते.

आता अंमलबजावणीविषयी. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा तोच वेग, हा खेळ आपण सारे जाणतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात सरासरी वेगही मोजता येतो. हिशोब प्राथमिक शाळेतला आहे. दोन कॅमेऱ्यांत १० कि.मी. अंतर आहे आणि मर्यादा १०० ची आहे, तर सहा मिनिटे लागायला हवीत. गाडी पाच मिनिटांत पोहोचली म्हणजे वेग १२० चा होता. तरीही सरासरी एका वळणावर उपयोगी पडत नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे 'एस' वळण लागते, तिथे एप्रिल २०१८ मध्ये मजुरांना घेऊन जाणारे वाहन उलटून अनेकांचे प्राण गेले. तिथे शेवटी वळणच टाळणाऱ्या नव्या दुहेरी बोगद्याचे काम हाती घ्यावे लागले.

आपल्या रस्त्यांना बोगदा नको, पाटी हवी. माझे वडील गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतात. रात्री ट्रॉली पंक्चर झाली तर मागे चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवतात, एवढाच काय तो इशारा. ताशी ८० ने येणारी मोटार, चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर, साधारण ५५ ते ६० मीटरवर थांबते. ५० ने आली तर तिला ३० मीटरही पुरतात. मंद दिव्यात चाळीसेक मीटरपुढचे नीट दिसत नाही. म्हणजे ८० वाल्याला ट्रॉली दिसेपर्यंत सगळे संपलेले असते.

तेव्हा ऊस रस्त्यावर असेल तोवर रात्रीपुरती ५० ची पाटी लावावी, आणि धुराडी विझली की ती काढून टाकावी. काढणेही तितकेच आवश्यक आहे. हंगाम महिन्याहून मोठा असल्यामुळे यासाठी अधिसूचना लागेल, आणि ती दिवाळीआधी निघायला हवी. उसाच्या पहिल्या ट्रॉल्या त्याच सुमारास रस्त्यावर येतात.