केसपेपरवर मारणाऱ्याचं नाव

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, कॅज्युअल्टीत, रात्री आलेल्या बाईने सांगितलेली कारणं ठरलेली असतात. जिन्यावरून पडले. बाथरूममध्ये पाय घसरला. स्टोव्हचा भडका उडाला. डॉक्टर टाके घालतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. बाई घरी जाते ती बहुतेकदा त्याच माणसाबरोबर. पुष्कळदा खिडकीवर केसपेपर काढायला उभा राहिलेलाही तोच असतो. त्याच्यासमोर ती दुसरं काय सांगणार?

ही साखळी कुठेतरी तोडायची, तर ती रुग्णालयातच तोडली पाहिजे, हा विचार वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २०००-०१ च्या सुमारास प्रत्यक्षात आला. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्य-संशोधन करणारी संस्था यांनी मिळून तिथे घरात मारहाण सोसणाऱ्या बायांसाठी ‘दिलासा’ हा विभाग सुरू केला. सार्वजनिक रुग्णालयाच्या आत चालणारं असं हे देशातलं पहिलं केंद्र. ते आवाराबाहेर, वेगळ्या पाटीखाली काढलं नाही, यातच त्याचं शहाणपण आहे असं मला वाटतं. पोलीस चौकीची पायरी चढलेल्या बाईची बातमी संध्याकाळपर्यंत चाळभर होते. ओपीडीत गेलेल्या बाईला मात्र कोणी काही विचारत नाही. डोकं दुखत होतं, एवढं सांगून भागतं.

तिथल्या कामाचा गाभा म्हणजे एक प्रश्न, आणि तो विचारायची रीत. सोबतच्या माणसाला बाहेर बसवून, पडदा ओढून, सिस्टर किंवा डॉक्टर विचारतात: ‘ताई, घरी कोणी मारतं का?’ हा प्रश्न कोणाला विचारायचा हे कळण्यासाठी आधी शरीर वाचता यावं लागतं. वार अडवायला हात वर केला की मार बसतो तो मनगट ते कोपर या भागावर. जुन्या आणि ताज्या जखमा एकत्र दिसतात. गरोदर बाईच्या पोटावर वळ असतात. विष घेतलेल्या बाईने ‘चुकून घेतलं’ म्हटलं, तरी तेवढ्यावर थांबायचं नसतं. सगळ्यांत फसवा प्रकार गळा दाबल्याचा. मानेवर कधी साधा ओरखडाही नसतो. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखत असतं. ही घसादुखी समजून गोळ्या देऊन बाईला घरी पाठवलं, तर जिवावर बेतू शकतं.

मग लिहिणं. ‘मारहाण’ एवढाच शब्द लिहिला तर कोर्टात त्यातून काही निघत नाही. कोणी मारलं, कशाने मारलं, कुठे लागलं, जखम केवढी, आणि हे सगळं बाईने स्वतः सांगितलं, अशी नोंद असावी लागते. तिला आज पोलिसात जायचं नसेलही. दोन वर्षांनी जायचं ठरवलं, तर हाच कागद तिच्या बाजूने बोलतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि मदत मागणाऱ्या पीडितेला वैद्यकीय सेवा देणं रुग्णालयावर बंधनकारक झालं. त्याआधीची काही वर्षं ‘दिलासा’ने हा पाठिंबा नसताना काढली.

‘दिलासा’तली समुपदेशनाची खोली मला इतर ठिकाणांपेक्षा वेगळी वाटते ती एका कारणाने. आपल्याकडे बाई तक्रार घेऊन गेली की चौकीपासून माहेरापर्यंत सगळे एकच वाट दाखवतात: जुळवून घे, मुलांकडे बघ. इथे आधी तिच्या जिवाचा विचार होतो. आज घरी गेलीस तर काय होईल? घरात शस्त्र आहे का? कागदपत्रं, दागिने कुठे ठेवलेत? शेजारच्या कोणाकडे धावता येईल? नवऱ्याला बोलवायचं ते तिने म्हटलं तरच, आणि मारहाण बंद ही अट ठेवून. परत जाणाऱ्याही पुष्कळ असतात. त्यांना दोष द्यायचा नाही. ज्यांना जायला दुसरं घर नाही, त्यांना उपदेश करणं सोपं असतं.

ज्या बाईला त्या रात्री घरी जाणं धोक्याचं आहे, तिच्यासाठी इथे एक साधी युक्ती रूढ झाली: ‘निरीक्षणासाठी’ म्हणून तिला एखाद दिवस वॉर्डात दाखल करून घ्यायचं. निवारागृहाचे कागद होईपर्यंत तिच्या डोक्यावर छप्पर राहतं.

पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांतही असे विभाग उघडले. गरज किती मोठी आहे याचा अंदाज २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतो: शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली. उरलेल्यांपैकी कितीतरी जणी याच काळात ताप, कंबरदुखी किंवा बाळंतपणासाठी ओपीडीच्या रांगेत उभ्या राहून गेल्या असतील.

अडचण विभागाच्या खोलीत नाही, कॅज्युअल्टीच्या टेबलावर आहे. तिथला तरुण डॉक्टर काही महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात जातो, इंटर्न वर्षभरात बाहेर पडतो. म्हणून रुग्णालयातल्याच डॉक्टर-सिस्टरना प्रशिक्षक म्हणून तयार करण्याची पद्धत इथे सुरुवातीपासून आहे, आणि दर नव्या बॅचला पडदा ओढण्यापासून सगळं पुन्हा शिकवावं लागतं.