उत्पन्नाचा दाखला मागितला कोणी?

सरकार फुकट वकील देतं, एवढं मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या खेड्यांत बऱ्याच जणांच्या कानावर असतं. अडतं ते त्याच्या अलीकडे, कागदांत. विधी स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका ताईंच्या टेबलाशी बसून हे नीट पाहायला मिळालं.

समोर सौंसरकडची एक बाई. नवरा वारलेला, दोन मुली, थोडी संत्र्याची बाग. सातबाऱ्यावर, म्हणजे इकडच्या खसऱ्यावर, अजून नवऱ्याचंच नाव. पिशवीतून मृत्यूचा दाखला, आधार, खसऱ्याची नक्कल निघाली. मग ओशाळून म्हणाली, "उत्पन्नाचा दाखला नाही भेटला जी. पुढच्या हप्त्यात ये म्हनते."

"तो मागितला कोणी तुम्हाले?"

गावातल्या कोणी तरी सांगितलं होतं, एवढंच. त्यापायी तिची मजुरी बुडत होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाहीच. ज्यांना आहे, त्यांचं शपथपत्रही पुरेसं धरता येतं. आणि महसूल न्यायालयही या कायद्याच्या व्याख्येत येतं. म्हणजे तहसीलदारापुढच्या नामांतरणाच्या प्रकरणातही ही मदत मागता येते. हे माहीत नसणं गरिबाला वकिलाच्या फीइतकंच महाग पडतं.

ताई लिहू लागल्या. नवरा कधी गेला? "कापूस घरात येत होता तवा." तारीख दाखल्यावरून घेतली. जमीन कोण वाहतं? "दीर." नाव चढवायला अडवतं कोण? बाई गप्प. पेन थांबला, पण ताईंनी घाई केली नाही. पाणी दिलं, मुलींच्या शाळेचं विचारलं. मग कुठे निघालं, "एका स्टँपावर सही घेतली होती त्यानं. कोरा होता."

सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत वजनदार गोष्ट, आणि ती सर्वांत शेवटी आली. छापील फॉर्म भरून घेणाऱ्याच्या हाती ती लागलीच नसती. जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद नोंदणी केलेला लागतो, नुसत्या सहीनं हक्क जात नाही, हे ताईंनी तिला दोनदा सांगितलं. "कोणतंच रजिस्टर नाही केलं जी मी," ती म्हणाली. आवाज जरा मोकळा झाला होता.

हे सारं बोलणं मराठीत चाललं, अर्ज मात्र हिंदीत उतरला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, हे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौंसरही आलं. पण घरची मराठी आणि कचेरीची हिंदी यांतलं अंतर काही मिटलं नाही. लिहून झाल्यावर ताईंनी अर्ज ओळीओळीनं मराठीत सांगितला, तेव्हा बाईंनीच एक चूक काढली. धाकटीचं नाव राहिलं होतं.

माझ्या मते खरी कायदेशीर मदत ती या अर्ध्या तासात होते. किती वकील नेमले याचे आकडे निघतात, ऐकून घेतल्याचे निघत नाहीत.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिला दाखल्यांसाठी फिरवू नका. तालुक्याच्या न्यायालयातली विधी सेवा समिती दाखवा, नाही तर 15100 लावून द्या. अर्ज तोंडीही चालतो, त्यावर 7 दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे, आणि समितीनं नेमलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही.