एकशे अडतीसचा कागद

मागच्या दिवाळीत बँकेतला लॉकर बंद करायचा म्हणून त्यातलं सगळं घरी आणलं. हिच्या पाटल्या, मुदत ठेवींच्या जुन्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला एक कागद. १९९४ सालचा. थोरल्याच्या बुद्धिमापन चाचणीचा. शेवटी निळ्या शाईत लिहिलेलं : बुद्ध्यंक १३८.

लॉकरमध्ये काय ठेवावं आणि काय ठेवू नये, हे आयुष्यभर खातेदारांना सांगत आलेल्या माणसाने हा कागद तिथे ठेवला होता! धाकटी त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिने कागद वाचला, पुन्हा होता तसा घडी केला आणि चहा गाळता गाळता विचारलं, "बाबा, माझी चाचणी का नाही हो केलीत?"

"तुझं शाळेत सगळं व्यवस्थित चाललं होतं की," असं काहीतरी मी बोललो. खरं उत्तर असं, की आम्हाला ते सुचलंच नाही. थोरला चौथ्या वर्षी वर्तमानपत्राचे मथळे वाचायचा, रस्त्यातल्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायचा, पाहुण्यांसमोर पाढे म्हणायचा. बाईंनीच सुचवलं, याला एकदा दाखवून आणा. धाकटी तेव्हा काय करायची, हे मला आता आठवावं लागतं.

तिच्या त्या प्रश्नाने मला पुस्तकांकडे पाठवलं. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि कादंबरी अडलेली असली की कोणताही विषय गोड लागतो.

ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, त्या फ्रेंच आल्फ्रेड बिने यालाही दोन मुलीच होत्या. मादलेन आणि आलीस. घरातच तो त्यांना कोडी घालायचा, शब्द सांगून सुचेल ते बोलायला लावायचा. १९०३ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात मुलींना टोपणनावं दिली. एक बारकाईने पाहणारी, दुसरी कल्पनेत रमणारी. कोण जास्त हुशार, हा त्याचा प्रश्नच नव्हता. दोघींची बुद्धी चालते कशी, एवढंच तो पाहत होता. पुढे फ्रेंच सरकारने एक समिती नेमली, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत कशी द्यावी यासाठी. त्या कामातून बिने आणि सिमाँ यांची १९०५ ची चाचणी आली. म्हणजे ही पट्टी मुळात मदत कोणाला हवी हे शोधायला तयार झाली. आपण ती पेढे कोणी वाटायचे हे ठरवायला वापरतो.

तिला आकड्याचं रूप नंतर आलं. स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली, आणि अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये शंभराने गुणण्याचा परिपाठ रूढ केला. आठ वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या मुलाइतकं येत असेल तर सव्वाशे. व्याजाच्या हिशेबापेक्षा सोपं. आता असा भागाकार करत नाहीत. त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतात. सरासरी शंभर धरली तर एकशे तीसच्या वर शंभरात साधारण दोघं निघतात. आणि एकशे तीस आलेच तरी, ते एकशे पंचवीस ते पस्तीसच्या आसपास कुठेतरी आहेत एवढंच समजायचं असतं. हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. कदाचित सांगितलंही असेल, मी आकडा ऐकला आणि कान मिटले.

टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर असामान्य मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. बहुतेकांची नावं आधी शिक्षकांनी सुचवायची, मग चाचणी. निवडले गेले ८५७ मुलगे आणि ६७१ मुली. हे वाचताना मी थबकलो. बाईंनी आमच्याकडेही एकच नाव सुचवलं होतं. त्या मुलींपैकी पुष्कळ जणी पुढे घरसंसारातच राहिल्या. गंमत अशी, की चाचणी देऊनही रेषेच्या खाली राहिलेल्या दोन मुलग्यांना पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही. रेषा आखली की असं होणारच. बँकेच्या भरतीत मीही तर्कशक्तीचा पेपर दिलाय. माझ्यापेक्षा अर्धा गुण कमी पडून बाहेर राहिलेला कोणीतरी असेलच आणि तो माझ्यापेक्षा बरा मॅनेजर झाला असता.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांवर बिनेची चाचणी बसवली, त्यावरचं पुस्तक १९४० मध्ये आलं. काम मोठं निगुतीचं. थोरल्याची चाचणी तीच होती. फ्लिन नावाच्या अभ्यासकाने १९८४ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेत दर दशकाला गुण सरासरी तीनाने वाढत गेले आहेत, त्यामुळे जुन्या मापाने मोजलं की आजचं मूल उगाच उंच दिसतं. तोच हिशेब आमच्या कागदाला लावला तर १३८ मधले किती उरतील? तीसच्या दशकातल्या मुलांशी नव्वदच्या दशकातला मुलगा तोलला होता. १९४० च्या भावाने सोन्याचं मूल्यांकन करून कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला मी मेमो दिला असता.

थोरल्याचं वाईट झालं नाही. नोकरी आहे, संसार आहे. पण आकडा आम्ही सोयरिकीत, शेजारीपाजारी इतका सांगितला, की तो जिंकता येईल तेवढ्याच गोष्टींना हात लावू लागला. तबला सोडला, बुद्धिबळ सोडलं. सातवीच्या स्कॉलरशिपच्या यादीत नाव नव्हतं तेव्हा दोन दिवस जेवला नाही. परवा फोनवर त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाबा, तो आकडा तुमचा होता. मला फक्त सांभाळायला दिला होतात."

चाचण्याच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांना वेगळं, जास्तीचं शिक्षण देण्याचं काम उभं केलं, ते बुद्धी ओळखता येते या विश्वासावरच. वर्गात कंटाळून खोड्या काढणाऱ्या मुलाला कोणीतरी ओळखायला हवंच.

धाकटीची मुलगी, माझी नात, दुसरीत आहे. वर्गात काम पाच मिनिटांत उरकते आणि मग खिडकीबाहेर पाहत बसते. बाईंची तक्रार 'लक्ष नसतं' अशी. धाकटीने तिची चाचणी करून घेतली. दोन बैठका झाल्या. अहवाल सहा पानांचा. त्यात लिहिलं होतं, गणित वरच्या वर्गाचं द्या. मात्र लिहिण्याचा वेग वयाच्या मानाने कमी आहे, त्यासाठी बोलणी खाऊ देऊ नका. आता नात गणिताच्या तासाला तिसरीच्या वर्गात जाऊन बसते.

आकडा किती, हे विचारायचं नाही असं ठरवून मी तिच्याकडे गेलो होतो. चहा होईपर्यंत दम धरला. मग विचारलंच.

"सांगणार नाही," धाकटी हसून म्हणाली, "आता तुमच्याकडे लॉकर कुठाय?"