बोर्ड बसवण्याचे दिवस

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्यानंतर काही दिवसांतच ओळखीच्या एका अभ्यासिकेने आपले सगळे डेस्कटॉप भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकले. सहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, डीडीआर४ रॅम, बोर्ड ठणठणीत. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, या मशीनना ते झेपत नाही, एवढंच कारण. मला कळलं तेव्हा टेम्पो गेलेला होता. धडधाकट बोर्ड असे भंगारात जावेत हे मला सहन होत नाही. माझी उमेदीची वर्षं बंद पडलेले बोर्ड पुन्हा उभे करण्यात गेली आहेत.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा, एटी १९८४ चा. त्या काळाबद्दल मला फारसं सांगायचं नाही. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून शिरायची एसी खोली, आणि त्याचं झाकण उघडायचा अधिकार फक्त कंपनीच्या माणसाला. नव्वदीच्या मध्यावर सुटे भाग आणून मशीन ‘असेंबल’ करून घेणं मध्यमवर्गाला परवडू लागलं, आणि तिथून पुढची साधारण दहा वर्षं मी जवळून पाहिली. भावाबरोबर सदाशिव पेठेत जिन्याखालच्या जागेत काम सुरू केलं. माल लॅमिंग्टन रोडचा. सकाळच्या डेक्कन क्वीनने जायचं, दुपारपर्यंत दुकानं पालथी घालायची, संध्याकाळच्या गाडीने परत. बोर्ड चंदेरी पिशवीतून मांडीवर यायचे. वरच्या फळीवर ठेवायची हिंमत होत नसे.

इंटेलने एटीएक्सचा आराखडा १९९५ मध्ये आणला, पण आमच्याकडे त्यानंतरही काही वर्षं जुन्या एटी बोर्डांचंच राज्य होतं. एटी बोर्ड बसवायला बैठक लागायची. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी स्टँड लावायचे ते नेमके बोर्डाच्या भोकांशी जुळवून. एखादा जादा राहिला तर खालून टेकून शॉर्ट करणार. एसएमपीएसचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर शेजारीशेजारी बसवताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये एकत्र आल्याच पाहिजेत. अदलाबदल झाली की बोर्ड गेला. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर आलेली असायची.

मग जंपर. बसचा वेग, गुणक आणि व्होल्टेज, तिन्ही गोष्टी तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या इकडून तिकडे हलवून ठरवायच्या. साधा पेंटियम ३.३ व्होल्टवर चालायचा, एमएमएक्सला आतून २.८ लागायचं. सॉकेट एकच, त्यामुळे चुकीचं व्होल्टेज दिलं तरी मशीन चालू व्हायचं. प्रोसेसर मात्र तापत राहायचा आणि काही महिन्यांनी गिऱ्हाईक ‘मशीन सारखं हँग होतं’ म्हणून परत यायचं. घाईत काम उरकणाऱ्यांची अशी कितीतरी मशीन आम्ही निस्तरली. आमचा शिरस्ता पक्का होता: आधी सगळं कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्याच खोक्यावर मांडायचं. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड, बाकी काही नाही. चालू करून कान द्यायचा. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब, दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब बीप वाजतच राहिला तर रॅम.

दुकानात येणारे बरेच गृहस्थ मला पाहून विचारायचे, “मेकॅनिक कधी येणार?” मी बीप ऐकून रॅम काढायचे, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवायचे, डिस्प्ले यायचा, आणि पैसे ते भावाच्या हातात ठेवायचे. भाऊ ते लगेच माझ्याकडे द्यायचा, तो त्याचा चांगुलपणा. पण त्या गृहस्थांचा राग तेव्हाही आला होता आणि आजही गेलेला नाही.

१९९८ मध्ये इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट आला, ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला, आणि आमच्या धंद्याला खरा बहर आला. या सेलेरॉनचा गुणक साडेचारवर पक्का केलेला होता. बस ६६ वरून १०० वर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर धावायचा. आतली १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच वेगाने चालायची, त्यामुळे त्याहून कितीतरी महाग पेंटियम टूच्या तोडीचं काम तो करायचा. अबिटच्या बीएच६ बोर्डावर तर जंपरही हलवावे लागत नसत, बायोसमधल्या सॉफ्टमेन्यूत आकडे निवडले की झालं. इंजिनिअरिंगची मुलं शनिवारी रात्री यायची, पंखा कोणता, रॅम खरोखर पीसी१०० आहे का, यावर वाद घालायची, आणि पहाटे ४५० वर विंडोज ९८ उघडलं की जिन्यात आरडाओरडा व्हायचा. आपण काय विकत घेतलंय आणि त्यातून किती काम काढून घेता येतं हे त्या मुलांना पुरतं कळलेलं असायचं. अबिट २००८ च्या अखेरीला बंद झाली. इतक्या प्रेमाने बनवलेले बोर्ड मी नंतर पाहिले नाहीत.

याच विद्येचा गैरवापर करणारेही बाजारात होते. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा छाप खरवडायचा, वरचा आकडा छापायचा, बोर्ड त्या आकड्यावर सेट करायचा आणि मशीन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. थंडीत ते निभावून जायचं, एप्रिल-मे मध्ये बंद पडायचं. ‘असेंबल्ड’ या शब्दाला जो वाईट वास चिकटला तो या लोकांमुळे, आणि त्याची किंमत मोजली सचोटीने काम करणाऱ्यांनी.

२६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरस जागा झाला. लोक त्याला चेर्नोबिल म्हणायचे. हार्डडिस्कवरची माहिती तर तो उडवायचाच, पण काही बोर्डांच्या बायोसच्या चिपवरही कचरा लिहून ठेवायचा. मग ना बीप, ना डिस्प्ले. अनेकांना त्या आठवड्यात नवा बोर्ड घ्यायला लावलं गेलं. तशी गरज नव्हती. त्याच जातीचा चांगला बोर्ड घ्यायचा, फ्लॉपीवरून डॉसमध्ये सुरू करायचा. बायोस तोवर रॅममध्ये उतरलेलं असतं, त्यामुळे चालू मशीनमधली चिप काढली तरी ते बंद पडत नाही. त्यासाठी मशीन सुरू करण्याआधीच चिपखालून दुहेरी दोरा ओवून ठेवायचा, म्हणजे ती तिरपी न होता सरळ वर येते. तिच्या जागी मेलेली चिप बसवायची, फ्लॅशचा प्रोग्राम चालवायचा आणि श्वास रोखून थांबायचं. वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. भाऊ यूपीएसवर हात ठेवून उभा राहायचा. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत सरकली की एक बोर्ड, आणि कुणाचे तरी काही हजार रुपये, वाचलेले असायचे.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत पोचले, आणि त्यांच्यासाठी असेंबल्ड मशीन भरभरून गेली. त्याच सुमारास बोर्डांवरचे कपॅसिटर फुगायला लागले. सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभर गेले होते, आपल्याकडे त्यात लोडशेडिंगची आणि अर्थिंग नसलेल्या प्लगची भर. ‘बोर्ड गेला’ असं झाकण उघडल्याबरोबर सांगणारे टेक्निशियन तेव्हापासून बोकाळले. खरं तर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर बदलले की बोर्ड उठायचा. काम कष्टाचं, कारण बोर्डाच्या आतला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो आणि कथील लवकर वितळत नाही. पण पट्टी न फाडता, १०५ अंशांचे चांगले कपॅसिटर लावले तर तो पुढे कित्येक वर्षं चालायचा.

नंतरचा काळ मला लांबवायचा नाही. २००४ मध्ये एलजीए७७५ आलं आणि पिना प्रोसेसरवरून बोर्डावर गेल्या. एक वाकली की वॉरंटी संपली. कॉम्प्युटरवरचं आयात शुल्क २००५ मध्ये शून्यावर आलं, लॅपटॉप आवाक्यात आले. २०१३ च्या जानेवारीत इंटेलने डेस्कटॉपचे बोर्ड बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. बायोसच्या निळ्या पडद्याच्या जागी माऊसने चालणारं यूईएफआय आलं. आमचं दुकान मोबाइलवाल्याने घेतलं.

आजही मुलं हौसेने डेस्कटॉप बांधतात, काचेचं कॅबिनेट आणि आतले दिवे घेऊन, आणि छान बांधतात. पण मशीन कधी निवृत्त करायचं हे आता मालकाच्या हातात राहिलेलं नाही. कित्येक लॅपटॉपची रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि त्याच महिन्यांत चालू रॅमच्या पट्ट्या पत्र्याच्या भावात जात होत्या. अभ्यासिकेच्या त्या मशीनवर लिनक्स मिंट घालून वाचन, टायपिंग, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, सगळं झालं असतं.

त्याहून संताप येतो तो आठव्या, नवव्या, दहाव्या पिढीची मशीन ‘विंडोज ११ चालत नाही’ म्हणून बदलायला लावली जातात तेव्हा. त्यांतल्या बहुतेकांत टीपीएम आहेच, फक्त ते बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जायचं आणि ते चालू करायचं. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर आधी डेटाची प्रत काढून, विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटीने डिस्क बदलून घ्यायची, मग सीएसएम बंद आणि सिक्युअर बूट चालू. एका दुपारचं काम. नव्या मशीनचं कोटेशन हातात आलं असेल तर ते देणाऱ्याला आधी विचारा, बायोसमध्ये पीटीटी पाहिलंत का? तो गोंधळला, तर त्याच्याकडून बोर्ड बदलून घेऊ नका.