हृदयक्रिया बंद पडते तेव्हा

वर्तमानपत्रांतील निधनवार्तांत एक वाक्य वारंवार आढळते : ‘हृदयक्रिया बंद पडून निधन.’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की, हृदय थांबले म्हणजे सारे संपले, असेच आपण मानून चालतो. वैद्यकशास्त्र मात्र आज तसे मानीत नाही. हृदय थांबणे आणि मेंदूची शक्ती कायमची मावळणे या दोन घटनांमध्ये काही मिनिटांचे अंतर असते. त्या मिनिटांत काय करता येते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बेंगळुरूच्या पूर्वेस कृष्णराजपुरम, म्हणजे के. आर. पुरम, नावाचे ठिकाण आहे. जुना मद्रास रस्ता आणि शहराभोवतीचा वळणरस्ता येथे एकत्र येतात. शेजारी रेल्वेचे स्थानक, रुळांवरून गेलेला, २००३ साली खुला झालेला तारांनी तोललेला पूल, आणि २०२३ पासून मेट्रोचे स्थानक. सकाळ-सायंकाळ येथे वाहनांची विलक्षण दाटी होते. अशा वेळी फलाटावर एखादे गृहस्थ अकस्मात कोसळले, अशी कल्पना करा. कोणीतरी १०८ हा क्रमांक फिरवितो. कर्नाटकात ही रुग्णवाहिका-सेवा २००८ पासून, तर महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. परंतु चालक कितीही कुशल असला, तरी त्या गर्दीतून वाट काढण्यास त्याला काही मिनिटे लागणारच. इकडे प्राणवायूवाचून मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. काहीच उपाय न केल्यास, वाचण्याची शक्यता दर मिनिटास सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. हा हिशेब रुग्णवाहिकेला एकटीने जुळविता येणे शक्य नाही.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. छातीत कळा येतात, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा माणूस तत्क्षणी बेशुद्ध होतो. पुष्कळदा अशा वेळी हृदय निश्चल नसते; त्यातील विद्युत्-प्रवाहांचा ताल बिघडून ते नुसते थरथरत असते, आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. अशा रुग्णाला मधूनच आचके लागतात. त्यालाच श्वास समजून लोक स्वस्थ बसतात, आणि मोलाचा वेळ निघून जातो.

हाक मारून, खांदा हलवूनही मनुष्य उत्तर देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर दुसऱ्या कोणाला १०८ वर कळविण्यास सांगून आपण लगेच कामाला लागावे. रुग्णास कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी एका तळहाताचा खालचा भाग ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा, आणि कोपरे ताठ ठेवून मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावी. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना कृत्रिम श्वासाचीही गरज असते.

ही युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कौवेनहोवेन नावाचे विद्युत्-अभियंते व त्यांचे सहकारी विजेच्या धक्क्याचा अभ्यास करीत होते. प्रयोगातील कुत्र्याच्या छातीवर जड विद्युत्-पट्ट्या दाबताच त्याचा रक्तदाब चढतो, असे त्यांच्या ध्यानी आले. छाती न उघडताही रक्त खेळते ठेवता येते, हे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. पुढे १९६६ मध्ये बेलफास्टचे डॉक्टर पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारे विजेचे यंत्र रुग्णवाहिकेत घालून थेट रुग्णाच्या दारी नेले.

आता आपल्या फलाटावर रुग्णवाहिका पोचली आहे. जमलेला घोळका ओरडतो, “उचला, लवकर इस्पितळात न्या!” पण जाणते कर्मचारी तशी घाई करीत नाहीत. धावत्या गाडीत छातीवरील दाब नीट बसत नाही. म्हणून ते तेथेच गुडघे टेकतात. एकजण दाब देतो. दुसरा छातीवर विद्युत्-पट्ट्या चिकटवितो. ताल बिघडलेला असेल, तर सर्वांना दूर सारून धक्का दिला जातो आणि लगोलग पुन्हा दाब सुरू होतो. थकलेल्या हातांनी दाब उथळ पडतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. पिशवी आणि मुखवटा यांच्या साहाय्याने श्वास पुरविला जातो. व्यवस्था असेल तेथे शिरेतून ॲड्रेनलिन देतात. नाडी परतली म्हणजेच पुढच्या प्रवासाची खरी निकड सुरू होते.

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २०२१ साली, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी निधन झाले, तेव्हा कर्नाटकभर हळहळ पसरली. पुढे त्यांच्याच नावाने तेथील शासनाने ‘हृदयज्योती’ योजना आखली. सार्वजनिक ठिकाणी विद्युत्-धक्क्याची स्वयंचलित यंत्रे ठेवणे हा तिचा एक भाग. ही यंत्रे काय करावे ते बोलून सांगतात. परंतु ती उघडणारा हात माणसाचाच लागतो.

इतके करूनही प्रत्येक रुग्ण वाचतो असे नाही. पुष्कळ वाचत नाहीत. दाबाने कधी बरगडी मोडते, तिचे भय बाळगू नये. बरगडी पुन्हा सांधते. रुग्णवाहिकेतील माणसे आपले काम जाणतात. ती येईतो तो दिवा विझू न देणे, हे मात्र शेजारी उभ्या असलेल्याचे काम आहे. आणि तो शेजारी, श्रोतेहो, उद्या आपल्यापैकीच कोणी असेल.