शून्याची जमाबंदी

फुटबॉलच्या मैदानावर उतरणाऱ्या अकरा असामींपैकी दहांची कर्तबगारी त्यांनी काय केले यावरून मोजण्याची वहिवाट आहे. अकराव्याची मात्र, काय घडले नाही यावरून. ज्या सामन्यात गोलरक्षकाच्या जाळ्यात चेंडू एकदाही गेला नाही, त्या सामन्याला इंग्रज ‘क्लीन शीट’ म्हणतात. कागद कोरा राहिला याबद्दल कारकुनाची पाठ थोपटावी असा हा प्रकार प्रथमदर्शनी वाटतो खरा. परंतु इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००४-०५ च्या हंगामापासून अशा कोऱ्या कागदांची रीतसर खतावणी करून, ज्याच्या नावे ते सर्वाधिक जमा होतील त्याला ‘गोल्डन ग्लोव्ह’, म्हणजे सोन्याचा हातमोजा, देण्याचा शिरस्ता पाडला. लीग १९९२ मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे पहिली १२ वर्षे पीटर श्मायकेल आणि डेव्हिड सीमन यांच्यासारखे तालेवार गोलरक्षक या इनामावाचूनच राहिले.

पहिला मान चेल्सीच्या पेत्र चेक या चेक प्रजासत्ताकाच्या तरुणाला मिळाला आणि तो अशा थाटात मिळाला, की नंतरच्या सर्वांना त्याच्या सावलीतच उभे राहावे लागले. त्या हंगामातील ३८ सामन्यांत चेल्सीने अवघे १५ गोल स्वीकारले, २४ कोरे सामने एकट्या चेकच्या नावे लागले, आणि मध्यंतरी १,०२५ मिनिटे त्याच्या जाळ्याला लीगमध्ये कोणी हात लावू शकले नाही. हा मिनिटांचा विक्रम चारच वर्षांनी मँचेस्टर युनायटेडच्या एडविन व्हान डेर सारने मोडला. सलग १४ सामने आणि १,३११ मिनिटे निष्कलंक राहिलेला हा डच गृहस्थ अखेर मार्च २००९ मध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर हातातून निसटलेल्या एका चेंडूमुळे हरला. मिनिटांचा विक्रम गेला, पण एका हंगामातील २४ चा आकडा २०२४-२५ पर्यंत कोणालाही गाठता आलेला नव्हता.

या दोघांच्या मधली तीन वर्षे लिव्हरपूलच्या पेपे रेनाची: अनुक्रमे २०, १९ आणि १८. त्याचा पिता मिगेल रेना हाही गोलरक्षकच, आणि स्पेनमध्ये ‘मार्का’ हे दैनिक १९५८-५९ पासून देत आलेली रिकार्दो सामोराच्या नावाची ढाल त्याने दोनदा जिंकलेली; तेव्हा हे घराणे वतनदारच म्हणावयाचे. स्पेनची हिशेबपद्धती मात्र निराळी असून तेथे स्वीकारलेले गोल आणि खेळलेले सामने यांचे प्रमाण पाहतात. माझ्या मते ती अधिक न्याय्य होय, कारण इंग्रजी पद्धतीत एक गोल स्वीकारणारा आणि सहा स्वीकारणारा हे दोघेही एकाच पंक्तीला बसतात. आपल्याकडे इंडियन सुपर लीगने २०१४ मध्ये पहिल्याच वर्षी हाच हातमोजा एफसी गोवाच्या यान शेडाला आणि २०१६ मध्ये मुंबई सिटीच्या अमरिंदर सिंगला दिला. गोव्याचे थोर गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या उमेदीच्या काळात ही लीगही नव्हती आणि तिचा हातमोजाही. त्यांच्या वाट्याला अर्जुन पुरस्कार आला तो १९९७ मध्ये आणि पद्मश्री थेट २०२२ मध्ये.

कोऱ्या कागदांच्या या खतावणीतील खरी अडचण अशी, की गोलरक्षकाचे सर्वोत्तम कर्म पुष्कळदा तिच्या रकान्यांबाहेर पडते. ७ जून १९७० रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे पेलेने डोक्याने जमिनीवर आदळवलेला चेंडू गॉर्डन बँक्सने ज्या चापल्याने आडव्या दांडीवरून उडवला, त्या बचावाचे पोवाडे आजवर गायिले जातात. पण तो सामना ब्राझीलने १-० असा जिंकला असल्यामुळे या हिशेबात बँक्सची जमा शून्य. मँचेस्टर युनायटेडच्या दाविद दे हेयाने डिसेंबर २०१७ मध्ये आर्सेनलच्या घरच्या मैदानावर एकाच सामन्यात १४ फटके अडवले, त्याच्या संघाने ३-१ असा विजय मिळवला, आणि तो एक गोल झाल्यामुळे ही सारी मेहनत बिनखात्याची ठरली. त्या हंगामाचा हातमोजा १८ कोऱ्या सामन्यांच्या जोरावर त्यालाच मिळाला हे खरे; परंतु त्या १८ मध्ये हा सामना नाही.

आणि जो कागद कोरा राहिला तो तरी नेमका कोणाचा? १४ ऑक्टोबर २००६ रोजी रेडिंग येथे सामना सुरू होताच प्रतिपक्षाच्या खेळाडूचा गुडघा लागून चेकची कवटी फुटली. त्याच्या जागी आलेला कार्लो कुडिचिनी सामना संपण्याच्या बेतात असताना टक्कर होऊन बेशुद्ध पडला, आणि उरलेली मिनिटे कर्णधार जॉन टेरी या बचावपटूने हातमोजे चढवून निभावली. चेल्सीने सामना १-० असा जिंकला. म्हणजे शून्य एक आणि त्याचे राखणदार तीन! चेक जानेवारी २००७ मध्ये डोक्यावर संरक्षक टोपी घालून परतला आणि ती टोपी त्याने अखेरपर्यंत उतरवली नाही.

२०२४-२५ पर्यंतच्या २१ हंगामांत, तीनदा वाटणी झाल्यामुळे, २४ हातमोजे दिले गेले आणि ते ११ जणांत विभागले गेले. त्यांत इंग्रज एकच: मँचेस्टर सिटीचा जो हार्ट, आणि त्याचे चार. चौथा मिळाल्यानंतर वर्षभराने, २०१६ मध्ये, पेप ग्वार्दिओला यांनी त्या संघाची सूत्रे हाती घेतली; ज्याला पायांनी चेंडू खेळवून चढाईची सुरुवात करता येत नाही असा गोलरक्षक त्यांना नको होता, आणि चार हातमोज्यांचा धनी इटलीतील तोरिनो संघाकडे उसनवार रवाना झाला. दे हेयाची कथा याहून दारुण: २०२२-२३ मध्ये १७ कोरे सामने राखून त्याने दुसऱ्यांदा हातमोजा पटकावला आणि त्याच उन्हाळ्यात, करार संपताच, त्याचा क्लबशी संबंध सुटला. हातांच्या कर्तबगारीची सनद ज्याच्या खिशात होती त्याची नोकरी पायांच्या कसोटीवर गेली, यातील उपरोध इनाम देणाऱ्यांच्या ध्यानात आला असेल काय?

गोलरक्षकालाही असे चढाईत ओढणाऱ्या या नव्या खेळात कोरे कागद दुर्मिळ होणार हे उघडच होते. २००५-०६ मध्ये ३८० सामन्यांत ९४४ गोल झाले होते. २०२३-२४ मध्ये, वाया गेलेला वेळ काटेकोरपणे भरून देण्याची पद्धत सुरू झाल्यावर, तितक्याच सामन्यांत १,२४६ झाले. त्या वर्षी ब्रेंटफर्डकडून आर्सेनलने उसना आणलेल्या दाविद रायाला १६ कोरे सामने पुरले. पुढच्या हंगामात १३ च पुरले, आणि हा या पुरस्काराच्या इतिहासातील नीचांक होय. तोही राया आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा बेल्जियन गोलरक्षक मॅट्झ सेल्स यांच्यात समसमान. आदल्या वर्षी जेमतेम तगून राहिलेल्या फॉरेस्टला सातव्या स्थानावर नेण्यात सेल्सचा वाटा मोठा होता. २५ मे २०२५ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, घरच्या मैदानावर चेल्सीविरुद्ध जाळे राखले असते तर हातमोजा त्याच्या एकट्याचा झाला असता. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत लेव्ही कॉलविल या बचावपटूने अगदी जवळून चेंडू आत ढकलला, आणि तो गोल झाला.